ताटातली उणीव ओळखा, मग बियाणे निवडा

दिवाळी जवळ आली, पहाटे दव पडू लागले की कृषी सेवा केंद्रांत आणि रोपवाटिकांत भाजीपाल्याच्या बियाण्यांची रंगीत पाकिटे दर्शनी भागात येतात. मेथी, पालक, मुळा, गाजर, वाटाणा, कोबी, फ्लॉवर, टोमॅटो ही नेहमीची मंडळी तर असतातच. पण अलीकडे त्यांच्या शेजारी काळे गाजर, केशरी फ्लॉवर, जांभळा कोबी, ब्रोकोली अशी नवी पाहुणेमंडळीही दिसतात. गावातला परस असो, शहरातली गच्ची असो की खिडकीतल्या चार कुंड्या, यंदा काहीतरी नवे लावून पाहू असे अनेकांना वाटते. मग हात जातो तो ज्या पाकिटावरचे चित्र सर्वांत देखणे, त्या पाकिटाकडे.

चित्र पाहून बियाणे घेण्यात गुन्हा काही नाही. पण घरची भाजी ही केवळ हौस नसून घरच्या आरोग्याचा भाग आहे असे मानले, तर निवडीचा क्रम बदलावा लागतो. आधी आपल्या ताटात काय कमी पडते ते पाहावे, मग आपल्या गावची थंडी कितपत असते ते पाहावे आणि शेवटी पाकीट उलटे करून त्याची मागची बाजू वाचावी. या तीन गोष्टी पाहून घेतलेले वीस-तीस रुपयांचे बी पुढचे तीन महिने घराला उपयोगी पडते. त्या न पाहता घेतलेले बी कधी वाया जाते, तर क्वचित धोक्याचेही ठरते.

आपल्या ताटात काय कमी आहे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे दोनपैकी एका स्त्रीचे आणि तीनपैकी दोन मुलांचे हिमोग्लोबिन कमी. शासकीय रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात 'दम लागतो', 'जिना चढवत नाही', 'सारखे गळून गेल्यासारखे वाटते' अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या कितीतरी बायकांच्या दुखण्याचे मूळ इथेच सापडते.

रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. लोहाची कमतरता हे त्यांतले मोठे कारण. त्याच्या जोडीला फोलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, पोटातले जंत, पाळीतला अतिरक्तस्राव, वारंवार होणारी बाळंतपणे हीसुद्धा कारणे असतात. यांपैकी लोह आणि फोलिक आम्ल या दोहोंसाठी हिवाळी पालेभाज्यांचा हातभार लागतो. म्हणून घरात मुली, तरुण स्त्रिया किंवा लहान मुले असतील, तर यादीत पहिले पाकीट पालेभाजीचे असावे.

त्यातही कोणती? पालक म्हणजे लोह असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम पालकात सुमारे ३ मिलिग्रॅम लोह असते, तर तेवढ्याच मेथीच्या पाल्यात सुमारे साडेपाच मिलिग्रॅम. शिवाय पालकात ऑक्झलेट भरपूर असते आणि ते लोहाला व कॅल्शियमला आतड्यात सहजासहजी शोषू देत नाही. याउलट फोलिक आम्लाच्या बाबतीत पालक सरस ठरतो. म्हणून हे की ते असा वाद न घालता मेथी आणि पालक दोन्ही लावावेत. मुळ्याचे बी घेतले, तर एकाच पाकिटात दोन भाज्या मिळतात. कारण मुळ्याचा पाला लोह, कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व यांत कंदापेक्षा कितीतरी वरचढ आहे. बाजारातून आणलेल्या मुळ्याचा पाला अनेकदा कोमेजलेला असल्याने फेकला जातो, घरचा मात्र लगेच शिजवता येतो.

पालेभाजीतले लोह शरीराला सहज मिळत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावे, अशी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०२० ची शिफारस आहे. वनस्पतीतल्या लोहाचा थोडाच अंश आतड्यातून रक्तात पोहोचतो. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असले तर तो अंश वाढतो; जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला तर घटतो. म्हणून मेथीच्या पाकिटाबरोबर टोमॅटो आणि कोथिंबिरीचे बी घेणे शहाणपणाचे. मेथीच्या भाजीवर पिळलेले लिंबू, ताटातली टोमॅटोची कोशिंबीर आणि तासाभराने घेतलेला चहा, एवढ्याने त्याच मेथीची किंमत वाढते. भाजी चिरल्यावर धुऊ नये आणि शिजवलेले पाणी फेकू नये. फोलिक आम्ल व क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतात आणि उष्णतेनेही नाश पावतात.

एक गोष्ट मात्र निःसंदिग्धपणे सांगायला हवी. रक्तक्षय एकदा झाला, की तो केवळ परसातल्या मेथीने बरा होत नाही. गरोदर स्त्रियांना शासकीय आरोग्य केंद्रांत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असलेल्या गोळ्या रोज एक याप्रमाणे १८० दिवस मोफत दिल्या जातात. 'घरची पालेभाजी रोज खाते, गोळ्यांची काय गरज' असे म्हणून त्या डब्यात पडून राहिल्या, तर नुकसान आई आणि बाळ दोघांचे. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर पहिल्या चार आठवड्यांतच बंद होते. तोवर अनेकींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. म्हणून फोलिक आम्लाची गोळी गर्भधारणेआधीपासूनच सुरू करण्याचा सल्ला दिला जातो. भाजी गोळीची जोडीदार आहे, तिचा पर्याय नव्हे.

रंग पाहा, पण त्यामागचे कारण ओळखून

नव्या बियाण्यांत सर्वांत जास्त भुरळ घालतात ते रंग. त्यामागचे विज्ञान थोडे समजून घेतले, तर निवड सोपी होते.

गाजराचेच पाहा. केशरी गाजराचा रंग बीटा कॅरोटीनचा. शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व तयार करते. लाल देशी गाजरात बीटा कॅरोटीन असतेच, पण त्याचा लालभडकपणा मुख्यतः लायकोपीनचा असतो. लायकोपीन उपयुक्त असले, तरी त्याचे अ जीवनसत्त्व बनत नाही. काळ्या गाजराचा रंग अँथोसायनिनचा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने लाल गाजराचे 'पुसा रुधिरा' आणि काळ्या गाजराचे 'पुसा असिता' हे वाण दिले आहेत. घरात लहान मुले असतील आणि हेतू डोळ्यांच्या आरोग्याचा असेल, तर केशरी गाजर निवडावे. गाजर हलव्याची हौस असेल तर लाल. बीटा कॅरोटीन स्निग्ध पदार्थाबरोबर आणि शिजवल्यावर अधिक चांगले शोषले जाते. त्यामुळे तेलात परतलेली गाजराची भाजी ही नुसत्या कच्च्या गाजराहून या बाबतीत उजवी.

याच संस्थेचे 'पुसा बीटा केसरी १' हे केशरी फ्लॉवरचे वाण. पांढऱ्या फ्लॉवरमध्ये बीटा कॅरोटीन जवळजवळ नसते. या वाणात ते किलोमागे ८ ते १० मिलिग्रॅम असते. पारंपरिक पैदाशीच्या मार्गाने एखाद्या भाजीतले पोषणमूल्य वाढवण्याच्या कामाला जैवसंवर्धन म्हणतात आणि हे त्याचे चांगले उदाहरण. मात्र केशरी गाजरात आणि मेथीच्या पाल्यात बीटा कॅरोटीन याहून कितीतरी अधिक असते. तेव्हा ज्या घरात मुले फ्लॉवर आवडीने खातात आणि पालेभाजी पाहून तोंड फिरवतात, तिथे हे बियाणे कामाचे. ज्या घरात मेथी रोजची आहे, तिथे ती केवळ वेगळी भाजी.

थोडक्यात, रंग बदलला म्हणजे भाजी औषधी झाली असे नाही. जागतिक आरोग्य संघटना रोज भाज्या आणि फळे मिळून किमान ४०० ग्रॅम खाण्याचा सल्ला देते. एका महागड्या जांभळ्या कोबीपेक्षा चार साध्या भाज्या आलटून पालटून ताटात येणे हे त्या सल्ल्याच्या अधिक जवळ जाणारे आहे.

आपली थंडी किती?

पाकिटावर 'हिवाळी भाजी' असे लिहिलेले असते, पण हिवाळा सगळीकडे सारखा नसतो. निफाडला पारा खाली उतरतो तेव्हा मुंबईत पंखा सुरू असतो. बियाणे निवडताना हा फरक निर्णायक ठरतो.

फ्लॉवर याबाबत सर्वांत हट्टी. त्याचे हळवे, निमगरवे आणि गरवे असे गट असतात आणि प्रत्येक गटाला गड्डा धरायला ठरावीक तापमान लागते. हळव्या वाणांना २० ते २७ अंश सेल्सिअस चालते, तर गरव्या वाणांना १० ते १६ अंशांची थंडी हवी. गरवे वाण उबदार हवेत लावले, तर पानेच पाने येतात आणि गड्डा धरत नाही. हळवे वाण उशिरा लावले, तर बटणाएवढे गड्डे येऊन झाड थांबते. दोन्ही वेळा माळी स्वतःला किंवा खताला दोष देतो. चूक मात्र पाकीट निवडताना झालेली असते.

म्हणून मुंबई, ठाणे आणि किनारपट्टीवर मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, टोमॅटो, वांगी, वाल यांवर भर द्यावा. वाटाणा आणि गरवा फ्लॉवर यांच्या मागे लागू नये. नाशिक, पुणे, अहिल्यानगर, विदर्भ, मराठवाडा या भागांत वाटाणा, गाजर, कोबी आणि फ्लॉवर चांगले येतात. वाटाण्यात 'आर्केल' हे लवकर येणारे वाण परसबागेला सोयीचे. टोमॅटोलाही हिवाळा मानवतो. तापमान तिशीच्या बरेच वर गेले, की लायकोपीन नीट तयार होत नाही आणि फळ लाल होण्याऐवजी पिवळट-नारिंगी राहते.

वेळेचाही हिशेब ठेवावा. मेथी महिन्याभरात काढणीला येते, पालकाची पहिली कापणीही तेवढ्याच दिवसांत होते. मुळ्याला साधारण दीड महिना, गाजराला तीन महिने किंवा थोडे अधिक लागतात. मेथीचे सगळे बी एकाच दिवशी पेरले, तर एका आठवड्यात खाऊन संपणार नाही एवढी भाजी येते आणि पुढे वाफा रिकामा राहतो. तेच बी दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा पेरले, तर हिवाळाभर ताटात पालेभाजी राहते. शरीरात फोलिक आम्लाचा फार मोठा साठा राहत नाही. ते नियमित मिळत राहणे महत्त्वाचे असते.

पाकिटाची मागची बाजू

बियाणे कायदा १९६६ चा आणि त्याचे नियम १९६८ चे. त्यांनुसार पाकिटावर पिकाचे व वाणाचे नाव, लॉट क्रमांक, वजन, उगवणक्षमता, शुद्धता, चाचणीची तारीख आणि वापरण्याची मुदत छापलेली असते. प्रमाणित बियाण्याला निळी खूणचिठ्ठी असते, तर सत्यतादर्शक बियाण्याला हिरवट. बियाण्याची मुदत साधारणपणे चाचणीच्या तारखेपासून नऊ महिने धरली जाते. गेल्या वर्षीचे पाकीट सवलतीत मिळत असेल, तर आधी तारीख पाहावी. कांद्याचे बी तर फार लवकर निर्जीव होते.

उगवणक्षमतेचा आकडा वाचताना पीक ध्यानात घ्यावे. प्रमाणित बियाण्यासाठी गाजराची किमान उगवण ६० टक्के मानली जाते, वाटाण्याची ७५ टक्के. म्हणजे गाजराच्या शंभर बियांतल्या चाळीस उगवल्या नाहीत, तर त्यात फसवणूक नाही. शंका असेल तर घरच्या घरी चाचणी करता येते. वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात, फडके सुकू देऊ नये आणि आठ-दहा दिवसांनी किती बियांना मोड आले ते मोजावे. चौदा उगवल्या, तर उगवण ७० टक्के.

पाकिटावर 'संकरित' किंवा 'एफ-१' असे लिहिलेले दिसले, की काहींच्या मनात भीती उभी राहते. संकरित म्हणजे जनुकीय बदल केलेले नव्हे. दोन निवडक वाणांच्या फुलांमध्ये परागीभवन घडवून पहिल्या पिढीचे जे बी मिळते, ते संकरित. भारतात जनुकीय बदल केलेल्या कोणत्याही भाजीच्या व्यापारी लागवडीला परवानगी नाही; बीटी वांग्याला फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती मिळाली. संकरित भाजी खाल्ल्याने कर्करोग होतो, या समजाला आधार नाही. उलट रोगप्रतिकारक संकरित वाणामुळे फवारणी कमी होत असेल, तर तो आरोग्याचाच फायदा. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे 'अर्का रक्षक' हे संकरित टोमॅटो पाने गोळा करणारा विषाणूजन्य रोग, जिवाणूजन्य मर आणि करपा या तिन्हींना तोंड देते. परसबागेत जिथे मुले हात लावतात, तिथे फवारणी न लागणारे वाण ही मोठीच सोय आहे.

गुलाबी बी म्हणजे धोक्याची खूण

काही पाकिटांतले बी गुलाबी, लाल, निळे किंवा हिरवे दिसते. तो त्या बियांचा मूळ रंग नसतो. जमिनीत बी कुजू नये म्हणून थायरम, कॅप्टन यांसारखी बुरशीनाशके किंवा कधी कीटकनाशके चोळलेली असतात आणि ते ओळखू यावे म्हणून रंग मिसळलेला असतो. याला बीजप्रक्रिया म्हणतात. पेरणीसाठी ती उपयोगाची आहे. स्वयंपाकघरात मात्र ते बी विषच समजावे. पाकिटावरही ते माणसाच्या किंवा जनावराच्या खाण्यासाठी वापरू नये, अशी सूचना असते.

ही सूचना न समजल्याने काय होते, याचे भीषण उदाहरण इराकमध्ये १९७१-७२ च्या हिवाळ्यात घडले. दुष्काळानंतर पेरणीसाठी परदेशातून आणलेल्या गव्हाच्या बियाण्याला मिथाइल पाऱ्याचे बुरशीनाशक लावलेले होते. इशारे परक्या भाषेत होते. काही ठिकाणी बियाणे पोहोचले तेव्हा पेरणी होऊन गेली होती. लोकांनी लाल रंग धुऊन काढला, विष गेले असे समजून त्याच्या भाकरी केल्या. खाल्ल्यावर लगेच काही झाले नाही, त्यामुळे खात्री पटली. काही आठवड्यांनी हातापायांना मुंग्या, तोल जाणे, दृष्टी जाणे अशी लक्षणे सुरू झाली. ६,५३० रुग्ण रुग्णालयांत दाखल झाले आणि त्यांपैकी ४५९ दगावले. पाऱ्याची ती औषधे आता मागे पडली आहेत. पण रंग धुतला म्हणजे विष गेले, हा समज आजही जिवंत आहे.

घरात हा धोका नेमका कुठे आहे? मेथी, धने, वाटाणा, मोहरी, मका ही बियाणे स्वयंपाकघरातल्या डब्यातल्या दाण्यांसारखीच दिसतात. पेरून उरलेली मेथी 'वाया कशाला घालवायची' म्हणून डब्यात जाते. दुसरी नवी वाट म्हणजे घरी वाढवलेले कोवळे अंकुर. मेथी, मुळा, मोहरी यांचे चार-आठ दिवसांचे कोंब सॅलडमध्ये घालण्याची पद्धत शहरांत रुळते आहे. त्यासाठी पेरणीच्या बियाण्याचे पाकीट वापरले, तर बियांवरचे औषध थेट पोटात जाते. कोंबांसाठी खाण्याच्या प्रतीचे किंवा बीजप्रक्रिया न केलेले बीच घ्यावे. कुंडीत कोथिंबीर किंवा मेथी लावायची असेल, तर वाण्याकडचे अख्खे धने आणि मेथीदाणेही बऱ्यापैकी उगवतात. धने हलके रगडून दोन भाग करून पेरले की झाले.

प्रक्रिया केलेले बी पेरताना मुलांच्या हाती देऊ नये, पेरून झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि उरलेले बी मूळ पाकिटातच, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावे. थायरमचा मद्याशीही वैरभाव आहे; त्याचा संपर्क झाल्यावर मद्य घेतले, तर चेहरा लाल होणे, धडधड, उलट्या असा त्रास होऊ शकतो. मुलाने रंगीत बी खाल्ल्याचे लक्षात आले, तर उलटी करवण्याचा खटाटोप न करता त्याला लगेच रुग्णालयात न्यावे आणि ते पाकीट बरोबर घ्यावे. पाकिटावरचे औषधाचे नाव डॉक्टरांचा बहुमोल वेळ वाचवते.

प्रत्येक घरासाठी वेगळी यादी

काही आजारांत भाज्यांची निवड थोडी विचारपूर्वक करावी लागते. ज्यांना कॅल्शियम ऑक्झलेटचे मुतखडे वारंवार होतात, त्यांनी पालक, चाकवत, राजगिरा आणि बीट यांवर फार भर देऊ नये. त्यांच्यासाठी मेथी, कोबी, मुळा, फ्लॉवर अधिक सोयीचे. हृदयाची कृत्रिम झडप असलेल्या किंवा रक्तात गुठळी होऊ नये म्हणून वॉरफॅरिन, ॲसेनोकुमारॉल यांसारखी औषधे घेणाऱ्यांनी पालेभाजी पूर्ण बंद करण्याची गरज नसते. मात्र तिचे प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखे ठेवावे. पालेभाज्यांतले के जीवनसत्त्व या औषधांच्या विरुद्ध काम करते. वाफा एकदम बहरला म्हणून आठवडाभर दोन्ही वेळा पालक खाल्ला, तर औषधाचा परिणाम घटू शकतो. मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्यांना पोटॅशियमचे बंधन असते. त्यांनी यादी आपल्या डॉक्टरांना दाखवूनच ठरवावी. मधुमेहींना बहुतेक सर्व हिवाळी भाज्या चालतात. वाटाण्याचे प्रमाण मात्र बेताचे असावे.

पाण्याचाही विचार हवा. वाफ्याला सांडपाणी किंवा नाल्याचे पाणी जात असेल, तर कच्च्या खायच्या भाज्या तिथे लावूच नयेत. मानवी विष्ठेतून आलेली फीतकृमीची अंडी अशा भाजीबरोबर पोटात गेली, की त्यांचे कोश मेंदूत बनू शकतात आणि फिटचा आजार जडतो. शक्य तो पाणी बदलावे. ते होईपर्यंत गाजर, मुळा, कोथिंबीर, लेट्यूस टाळून शिजवून खायच्या भाज्यांचे बी घ्यावे. पाणी स्वच्छ असले, तरी ताजे शेण न घालता पूर्ण कुजलेले खत वापरावे आणि भाजी वाहत्या पाण्याखाली धुवावी.

पुढच्या हिवाळ्याचे बी

बियाणे घेताना आणखी एक प्रश्न विचारावा: पुढच्या वर्षी याचेच बी धरता येईल का? संकरित वाणाचे बी धरले, तर पुढच्या पिढीत गुण विखुरतात आणि झाडे एकसारखी येत नाहीत. सरळ किंवा गावरान वाण असेल, तर बी धरता येते. त्यातही मेथी, वाटाणा, टोमॅटो आणि घेवडा यांत बहुतांशी स्वपरागीभवन होत असल्याने नवख्यालाही जमते. मुळा, गाजर, पालक, कोबी यांत परपरागीभवन होते; शेजारच्या वाफ्यातल्या दुसऱ्या वाणाशी त्यांचा सहज संकर होतो.

हे काम मोठ्या प्रमाणावर कसे करता येते, हे अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी दाखवून दिले. शाळेची पायरी न चढलेल्या राहीबाईंनी घेवडा, वाल, पालेभाज्या, भात अशा पिकांचे गावरान वाण जमवले, जपले आणि बचत गटांतल्या बायकांपर्यंत पोहोचवले. बायफ संस्थेच्या मदतीने त्यांची बीजबँक उभी राहिली. २०१८ मध्ये बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचे नाव आले आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. या बियाण्यांमुळे दुर्गम पाड्यांवरच्या परसबागांत दर हंगामाला ताजी भाजी पिकते, हे त्या कामाचे आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत मोठे मोल.

बी साठवण्याचे शास्त्र आणि आजीची रीत इथे जुळतात. बियांतला ओलावा एक टक्क्याने कमी झाला किंवा साठवणीचे तापमान पाच अंशांनी उतरले, की बियांचे आयुष्य साधारण दुप्पट होते असा ठोकताळा आहे. चांगले वाळवलेले बी राखेत घोळून घट्ट झाकणाच्या भांड्यात, थंड व कोरड्या जागी ठेवण्याची जुनी पद्धत याच नियमाला धरून आहे.

यंदा काय घ्यावे?

नवख्या कुटुंबाने चार-पाच पाकिटांपलीकडे जाऊ नये. लोहासाठी मेथी, फोलिक आम्लासाठी पालक, पाला आणि कंद दोन्ही देणारा मुळा, क जीवनसत्त्वासाठी टोमॅटो आणि बीटा कॅरोटीनसाठी केशरी गाजर. एवढ्यात हिवाळ्यातली बरीच उणीव भरून निघायला मदत होते. गाजराच्या एका ग्रॅममध्येच शेकडो बिया असतात. त्यामुळे लहानात लहान पाकीट पुरते. या पाचांच्या जोडीला एखादे नवे, हौसेचे बी जरूर घ्यावे. केशरी फ्लॉवर किंवा काळे गाजर पाहून भाजीला नाक मुरडणारे मूल ताटावर बसत असेल, तर ती हौसही सार्थकी लागली. ज्या मुलाने स्वतः पाणी घालून मुळा वाढवला, ते मूल तो निदान चाखून तरी पाहते.

घरातल्या कुणाला सतत थकवा, धाप, फिकटपणा जाणवत असेल, तर बियाणे आणायला निघालेल्याच दिवशी वाटेत हिमोग्लोबिनची तपासणीही करून घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मोफत होते. मेथी उगवून काढणीला यायला महिना लागतो, तपासणीला काही मिनिटे. दोन्ही कामे एकाच फेरीत होऊ शकतात.